मडक्यातली काळी गोटी

बुधवारी सकाळी मासिलामणी खांद्यावर टॉवेल टाकून घराबाहेर पडला, की खाणकामगारांच्या सेंट मेरी लाईनीतली चार-दोन दारं हळूच किलकिली व्हायची. कुणी कोंबड्या हाकायला बाहेर यायचं, घरात एकही कोंबडी नसली तरी. कुणाला नेमकं तेव्हाच आभाळ बघावंसं वाटायचं. मासिलामणी उजवीकडे वळतो की डावीकडे, एवढंच सगळ्यांना पाहायचं असायचं. उजवीकडे बाजार, चर्च आणि स्टेशन. डावीकडे बंद खाण.

मासिलामणी डावीकडे वळायचा आणि दारं लागायची. "गेला," असं आतून ऐकू यायचं.

कोलारकडच्या आमच्या गावातली सोन्याची खाण बंद झाली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कामाची माणसं बंगळूरच्या पहाटगाडीला लागली. मागे राहिल्या त्या इमारती. साहेबलोकांचा क्लब, इस्पितळ, यंत्रघर, बंगले. सगळ्यांना कुलपं आणि कुलपांच्या शेजारी भिंतींना भगदाडं. मासिलामणी आठवडाभर बंगळुरात एका मॉलच्या दारात उभा राहून लोकांच्या पिशव्यांत डोकावायचा, अंगावरून ते पीं-पीं करणारं यंत्र फिरवायचा. मॉलची गर्दी शनिवार-रविवारची, म्हणून त्याला सुट्टी बुधवारी. सुट्टीच्या दिवशी माणूस झोपतो, नाहीतर पितो. हा भगदाडांतून आत शिरायचा.

आत जाऊन करायचा काय? बघायचा. क्लबातली नाचाची लाकडी जमीन अजून शाबूत होती आणि तिच्यावर शेळ्यांच्या लेंड्या पडलेल्या होत्या. इस्पितळातल्या ज्या खोलीत त्याचा स्वतःचा जन्म झाला तिच्या खिडकीतून पिंपळ आत आला होता. कुठं काय होतं, कोण बसायचं, त्या भिंतीवर कसला डाग, हे त्याला कळून घ्यायचं असायचं. त्यात काही फायदा नव्हता. पण ही गोष्ट गावात कुणाला पटवून देणं त्याच्या बापालाही जमलं नसतं, आणि बापाचं नाव तर या बाबतीत न काढलेलंच बरं.

म्हाताऱ्यांना विचारायला जावं, तर ते आणखी अवघड. एकदा त्यानं क्लबाच्या जुन्या खानसाम्याला गाठलं.

"ताता, क्लबात पियानो कुठं होता हो?"

"मी नाही नेला."

"नेला असं कुठं म्हणतोय? ठेवलेला कुठं होता?"

"कोपऱ्यात. पण मी त्या दिवशी रजेवर होतो."

"कुठल्या दिवशी?"

"तू ज्या दिवसाचं विचारतोयस त्या दिवशी."

गावाचाही फार दोष नाही. खाण बंद झाल्यावर लोकांनी सोन्याचा दगड दळायच्या गिरणीची फरशी झाडून ती धूळ धुतली होती, धुराड्याची काजळी खरवडून तीही धुतली होती. बंद इमारतीत माणूस सोन्यासाठीच शिरतो, हे इथल्या लेकरालाही ठाऊक. आणि त्यात हा पेरियनायगमचा मुलगा. झडतीवाल्या पेरियनायगमचा.

जमिनीखालची पाळी संपली, की माणसं पाळण्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, वर यायची, झडतीघरात अंघोळ करायची आणि दाराशी यायची. दाराशी कोनाड्यात एक अरुंद तोंडाचं मडकं. आत चिनी मातीच्या गोट्या, पांढऱ्या भरपूर, काळ्या थोड्या. हात घालायचा, एक काढायची, झडतीवाल्याला दाखवायची. पांढरी निघाली तर ती परत मडक्यात टाकून घरी. काळी निघाली तर आतली खोली. तिथं सगळे कपडे उतरवायचे, अंगात लपवलेलं काही असेल तर पडावं म्हणून लाकडाच्या ओंडक्यावरून उघड्यानं पलीकडे उडी मारायची, आ करायचा, केस पिंजून दाखवायचे. मडक्याशी पेरियनायगम बसायचा. तो कुणाला हात लावायचा नाही, कुणाशी बोलायचा नाही. म्हणूनच लोक म्हणायचे की त्याच्या नजरेत काहीतरी आहे, ज्याला पाठवायची त्याला तो काळी पाठवतो.

"बापानं झडतीत किती दाबलं आणि कुठं पुरलं, ते देवालाच माहीत," शेजारचा म्हातारा सवरीमुत्तू ताता सांगायचा. "पोरगं आता थोडं थोडं उकरून आणतंय." सवरीमुत्तूनं उभी हयात खाणीत काढली होती. चहाचा पेला हातात आला, की पहिल्या घोटाआधी तो काठावर नखानं एक टिचकी मारायचा. टण्ण. मग प्यायचा. मासिलामणीच्या घरचा चहा प्यायल्यावर मात्र तो पेल्याच्या तळाशीही बघायचा.

मासिलामणीची बायको लूर्दम्मा या सगळ्याला सरावली होती. "जा तुम्ही," ती म्हणायची. "येताना एखादी सोन्याची वीट आणा. इतकी बदनामी फुकट नको जायला."

अशात मुलीचं जमलं. शीबा बंगळुरात एका तपासणी केंद्रात रक्त काढायची. गाडीतला रोजचा सोबती इम्मानुएल. दोघांचं ठरलं, चर्चच्या फादरनाही कळलं, फक्त मुलाच्या आईनं होकार द्यायचा राहिला. आणि मुलाची आई म्हणजे खाणीतून काढलेल्या अंतोणीची मुलगी मरगदम, हे ऐकल्यावर लूर्दम्मानं कपाळाला हात लावला.

मरगदम एका संध्याकाळी आली. हातात तबक नाही, फुलं नाहीत. खुर्चीच्या टोकावर बसली.

"पाणी आणू, अक्का?" लूर्दम्मा म्हणाली.

"नको. तुमच्या मुलीत खोट नाही. मी चौकशी केलीय."

"कुणाकडे?"

"सगळ्यांकडे." मग ती मासिलामणीकडे वळली. "अण्णा, तुम्ही म्हणे सगळ्या बंद इमारतींत जाता."

"जातो."

"झडतीघरात गेलात?"

तेवढी एक इमारत मासिलामणीनं सोडली होती. समोरून जायचा, पण आत नाही.

"माझ्या बापाला काळी यायची," मरगदम म्हणाली. "आज, उद्या, परवा, पुन्हा काळी. अंगावर कधी कणभर सापडलं नाही. पण साहेब म्हणाला, ज्याला इतक्यांदा काळी येते त्याच्याविषयी देवालाही संशय असणार. कामावरून काढला. लाईनीतलं घर गेलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. मरेपर्यंत त्यानं घरातल्या मडक्यातही हात घातला नाही. मीठ हवं तरी मी काढून द्यायची. आता मला एवढंच सांगा, तुमच्या बापानं ते केलं कसं? जा, तिथं बघा आणि मला सांगा. मग तारीख ठरवू. नाही सांगितलंत, तर पोरांनी काय करायचं ते करावं, मी त्या मांडवात येणार नाही."

"आणि खरंच काही केलं असेल तर?" मासिलामणीनं विचारलं.

"तर निदान कसं ते कळेल."

ती गेल्यावर लूर्दम्मानं दार लावून घेतलं. "जाऊन यायचं आणि काही सापडलं नाही म्हणायचं. भिंती काय बोलतात थोड्याच?"

"तिला पटणार नाही."

"का?"

"मला तरी कुठं पटेल?" मासिलामणी म्हणाला. खरी गोष्ट अशी, की बापाचा संशय गावाच्या आधीपासून त्याला होता. लहानपणी लाईनीतली सगळी पोरं गोट्या खेळायची, छान गुळगुळीत पांढऱ्या गोट्या. त्यांच्या घरी मात्र गोट्यांना बंदी. मासिलामणीनं एकदा एक जिंकून आणली, तर बापानं ती उंबऱ्याबाहेर भिरकावली आणि रात्रभर बोलला नाही. हा मारणारा माणूस नव्हता. मग एका गोटीचा एवढा राग कशाला? पायरीवर बसून दुसऱ्यांचा खेळ बघत मासिलामणी हा विचार करायचा. उत्तर तेव्हाही सुचलं नव्हतं.

बुधवारी तो डावीकडे वळला. ह्या वेळी दारं किलकिली झाली ती लागलीच नाहीत, आणि थोड्या अंतरावरून सवरीमुत्तू टोपी घालून काठी टेकत निघाला, जणू त्यालाही तिकडेच काही काम होतं.

झडतीघराच्या मागच्या खिडकीचे गज कधीच कुणीतरी विकले होते. मासिलामणी आत उतरला. छतापासून साखळ्या लोंबत होत्या. पूर्वी कपडे आकड्याला अडकवून वर ओढून ठेवायचे, त्या साखळ्या. एका आकड्याला अजून एक गंजीफ्रॉक होता, धूळ खाऊन मातीच्या रंगाचा झालेला. दाराजवळ कोनाडा होता, मडकं नव्हतं. बाजूला बापाचं सिमेंटचं बसायचं ठिकाण.

तो त्यावर बसला. मॉलच्या दारात उभा राहून त्याची नजर तयार झाली होती. कोनाड्याच्या मागे भोक आहे का, आतून हात घालायची सोय आहे का, त्यानं बोटांनी चाचपलं. घट्ट भिंत होती. बसल्या जागेवरून मडक्यात काय चाललंय ते दिसतं का? दिसत नव्हतं. समोरच्या माणसाची मूठ फक्त दिसली असती, आत जाताना आणि बाहेर येताना. आतल्या खोलीतला ओंडका तसाच पडून होता. वरचा भाग उघड्या पायांनी घासून चकचकीत झालेला. मासिलामणीनं त्यावरून उडी मारून पाहिली, कपड्यांसकट, आणि तरीही त्याला कुणी बघत नाही ना म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं.

बघत होतं. खिडकीच्या कोपऱ्यात एक टोपी खाली झाली.

यंत्र नाही, भोक नाही, युक्ती नाही. मग बापाच्या नजरेतच काही होतं म्हणायचं? हे मरगदमला सांगितलं असतं तर तिनं खुर्ची उचलून मारली असती. तो अंघोळीच्या लांबलचक ओट्यावर आला. कडेनं पाणी वाहून जायची नाळी, सुकलेल्या चिखलानं भरलेली. इतकी माणसं रोज न्हायची तिथली नाळी तुंबलेली कशी? त्यानं लोखंडाची एक कांब घेऊन चिखल उकरला. कांब कशावर तरी घासली. त्यानं हात घातला आणि मूठ बाहेर काढली.

पांढरी गोटी. त्याखाली आणखी एक. मग ओंजळभर. तोंडापर्यंत नाळी त्यांनीच भरलेली होती. काळी एकही नाही.

बंद इमारतीत आजवर मासिलामणीला सापडल्या होत्या त्या हरवलेल्या वस्तू. ह्या हरवलेल्या नव्हत्या. एवढ्या गोट्या एका ठिकाणी हरवत नाहीत, टाकल्या जातात. त्यानं सगळ्या टॉवेलात बांधल्या आणि खिडकीतून बाहेर पडला.

लाईनीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ आहे. तिथं पाणी नव्हतं, माणसं मात्र जमली होती. पुढे सवरीमुत्तू.

"टॉवेलात काय आहे?"

"काही नाही, ताता."

"काही नाही, तर खांदा का वाकलाय?"

"हे काय नवीन? तुम्ही कोण विचारणारे?"

"आम्ही कोण?" सवरीमुत्तूला खरंच चेव चढला. "तुझ्या बापानं आमची आयुष्यभर झडती घेतली. आज आम्ही घेतो. सोनं सगळ्या खाणीचं, एकट्याचं नाही. हात वर कर!"

मासिलामणीचे हात आपोआप वर गेले. रोज शेकडो माणसांना तो तेच सांगायचा, त्यामुळे कसं उभं राहायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. कुणीतरी त्याचे खिसे चाचपले, कुणी त्याच्याजवळची पाण्याची बाटली उलटी केली, आणि सवरीमुत्तूनं टॉवेलाची गाठ सोडली.

गोट्या दगडी फरशीवर सांडल्या, नाचत नाचत सगळ्यांच्या पायांत गेल्या.

तरणी माणसं हसली. म्हातारी हसली नाहीत. त्यांनी एकमेकांकडेही बघितलं नाही. एकानं चष्मा काढून पुसायला घेतला, दुसऱ्याला घरी दूध उतू जात असल्याचं आठवलं. सवरीमुत्तूची बायको फिलोमिना मात्र खाली वाकली, एक गोटी उचलून तिनं पदराला पुसली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "अगो बाई! ही तर आपल्या मेरीमातेच्या फोटोमागे आहे तसलीच!"

"गप्प बस," सवरीमुत्तू म्हणाला.

"का गप्प बसू? तुम्हीच तर म्हणाला होतात, लकी गोटी आहे, फेकू नको."

मासिलामणीनं हात खाली घेतले. मॉलच्या दारात एखाद्याच्या पिशवीचा तळ जड लागला, की तो जसा शांत व्हायचा तसा शांत झाला. "ताता, चहाच्या पेल्याला तुम्ही टिचकी का मारता?"

"सवय आहे."

"कसली?"

म्हाताऱ्यानं इकडेतिकडे बघितलं. बाकीचे म्हातारे काढता पाय घेत होते, ते पाहून त्याला एकट्यानं अडकायचा राग आला असावा. "ए, थांबा रे! एकट्या माझी नाही ही सवय." मग तो नळाच्या कट्ट्यावर बसला. "पांढरी निघाली की तुझ्या बापाला दाखवायची. परत टाकायची कसली? बोटांच्या फटीत धरायची आणि मडक्याच्या काठाला टिचकी द्यायची. टण्ण. पडल्यासारखा आवाज. दुसऱ्या दिवशी तीच मुठीत घेऊन हात आत घालायचा आणि तीच बाहेर काढायची. रोज पांढरी."

"सोन्यासाठी?"

"सोन्यासाठी कुठलं! लाज, बाबा. पोराच्या वयाच्या शिपायासमोर उघडं होऊन आ करायचा..." तो जरा थांबला. "थोडंफार सोन्यासाठीही असेल कुणाचं. माझं नाही."

"सगळे करायचे?"

"सगळे म्हणजे, अंतोणी नाही. त्याला सांगितलं होतं आम्ही. तो म्हणाला, माझ्याकडे लपवायला काही नाही, मग गोटी कशाला लपवू?"

"मग मडक्यात उरलं काय, ताता?"

"काळ्या तेवढ्या साहेब स्वतः मोजून टाकायचा. पांढऱ्या कोण मोजतो?"

पांढऱ्या घरोघर गेल्या, आणि मडक्यात खरोखर हात घालणारा तेवढा एकच माणूस राहिला होता.

"अंतोणीला काढला त्या रात्री बातमी आली, की उद्या मडकं रिकामं करून सगळं मोजणार," सवरीमुत्तू हळू आवाजात म्हणाला. "सकाळी सगळ्यांनी नाळीत सोडल्या. मोजायला मग कुणी आलंच नाही. आम्हाला काय कल्पना? आम्हाला वाटलं, तुझा बापच त्याला काळी पाठवतो."

"खरंच वाटलं?"

सवरीमुत्तूचं नख काठीच्या मुठीवर वाजत होतं.

मासिलामणीनं गोट्या गोळा केल्या. काही कमी भरल्या असतील, कारण तेवढ्यातही दोघा-तिघांच्या मुठी बंद होत्या.

घरी येऊन त्यानं लूर्दम्माला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "म्हणजे मामंजींचा काही संबंध नाही! चला, सुटलो."

"सुटलो नाही. लाईनीतली पोरं कसल्या गोट्या खेळायची? पांढऱ्या. कुठून आल्या? रोज संध्याकाळी अप्पा त्या खेळाला वळसा घालून घरी यायचे. मडक्याशी बसणाऱ्या माणसाला स्वतःच्या गोट्या ओळखू येणार नाहीत?"

लूर्दम्मा खाली बसली. तिला पुढचं कळलं. पेरियनायगमनं तोंड उघडलं असतं, तर सगळ्या लाईनीची घरं गेली असती. त्यानं उघडलं नाही, एकट्या अंतोणीचं गेलं.

"हे तिला सांगू नका," ती म्हणाली.

"विचारलं तर?"

"खोकला काढा."

मरगदमच्या घरी मासिलामणीनं टॉवेल जमिनीवर सोडला आणि झडतीघर, नाळी, टिचकी, सगळं सांगितलं. अंतोणीचं ते वाक्य आलं तेव्हा मरगदमनं एक गोटी उचलली आणि मूठ आवळून धरली. इम्मानुएल दारात उभा होता, त्याला तिनं नजरेनंच आत घालवलं.

"आणि तुमच्या बापाला हे माहीत होतं?"

मासिलामणीला खोकला आला. आणला म्हणून आला नाही, खराच आला. मग तो संपला आणि ती अजून बघतच होती.

"माहीत होतं," तो म्हणाला. "मला तसं कुणी सांगितलेलं नाही. पण त्यांना माहीत होतं."

"म्हणजे सगळी लाईन वाचवायला एक घर."

"हो."

"त्याला रात्री झोप लागायची?"

"ते माहीत नाही. बोलायचे नाहीत."

मरगदमनं मूठ उघडली. "तुम्ही खोकलात तेव्हाच मला कळलं," ती म्हणाली. "त्यानंतर खोटं बोलला असतात, तर आत्ता तुम्हाला उठवलं असतं. शीबाला म्हणावं, साडी घ्यायला रविवारी येते. लाईनीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आमंत्रण करा, एकही गाळायचा नाही. आणि ह्या गोट्या इथंच राहू द्या."

"तुम्हाला कशाला?"

"माझ्या बापाच्या वाटणीच्या आहेत."

लग्न लागलं. हॉलच्या दाराशी आमच्याकडे एक टेबल असतं. त्यावर चंदन, गुलाबपाणी आणि चांदीच्या वाडग्यात खडीसाखर. तिथं नटलेल्या पोरी उभ्या राहतात. त्या दिवशी मुलाची आई स्वतः उभी राहिली, डोक्यात मोगरा माळून, आणि कुणीही समजावलं तरी हलायला तयार झाली नाही. वाडगाही तिनं हातातच धरला होता, जरा उंच, आत नीट दिसणार नाही असा.

पोरांना, बायकांना ती स्वतः खडा काढून द्यायची. म्हातारे आले की वाडगा पुढे करायची. "घ्या ना, मामा. तुमच्या हातानं घ्या."

पहिल्या म्हाताऱ्यानं हात घातला, बाहेर काढला आणि तळव्याकडे बघत जागीच थांबला. मागचा त्याला ढकलू लागला. सवरीमुत्तूला कमी दिसत असल्यामुळे त्यानं बघितलंच नाही, सरळ तोंडात टाकली आणि चावली.

टण्ण.

"कवळी!" फिलोमिना किंचाळली.

"गोड आहे ना, मामा?" मरगदमनं विचारलं. सवरीमुत्तूनं मान हलवली, होय म्हणून. गोटी गालात धरून तो आत जाऊन बसला आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही.

सगळ्यांत शेवटी मुलीचा बाप आला. मरगदमनं वाडगा पुढे केला नाही. स्वतः आत बघून एक खडा निवडला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.

मासिलामणीनं विहिणीला "थँक्यू, सम्बंधी" म्हटलं, दोन पावलं पुढे गेला, आणि तोंडात टाकण्याआधी तो खडा दिव्याकडे धरून नीट बघितला.